मोरपंखी पापणी, राणी काठ: एका रिसेप्शन लुकची पूर्ण केस

केस अशी होती. नाशिकचं लग्न, एप्रिलचा शेवट, सकाळी 11.37 चा मुहूर्त आणि संध्याकाळी सातला लॉनवर रिसेप्शन. रिसेप्शनची साडी येवल्याची पैठणी, अंग मोरपंखी आणि काठ राणी कलरचा, पदरावर मोर. नवरीची डिमांड एकच, डोळ्यांवर साडीतलेच रंग पाहिजेत, म्हणजे राणी पण, मोरपंखी पण, आणि सोनेरी जर आहे म्हणून गोल्ड पण. आणि "ताई, ते एकमेकांत मस्त विरघळलेले पाहिजेत, पट्टे पट्टे नकोत". मुलगी सावळी, स्किन नितळ, पण पापण्या तेलकट आणि उजवा डोळा डाव्यापेक्षा जास्त हुडेड, म्हणजे डोळा उघडला की वरची कातडी खाली येते आणि पापणीचा अर्धा भाग गायब. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, निम्मी केस त्यातच आहे.

ती माझ्याकडे आली तेव्हा मेकअपची एक ट्रायल दुसरीकडे करून झालेली होती आणि फोनमध्ये त्याचे फोटो होते. मी कुठलीही नवरी आली की आधीचे फोटो मागते, कारण नुसत्या बोलण्यावरून काही कळत नाही, प्रत्येकजण म्हणते "नीट ब्लेंड झालं नव्हतं". फोटोत उलटंच दिसत होतं. ब्लेंड झालं होतं, जरा जास्तच झालं होतं. बाहेरच्या कोपऱ्यात जिथे राणी आणि हिरवा एकत्र आलेत तिथे करडा-तपकिरी डाग, त्याच्यावर आणखी ब्रश फिरवून तो डाग भुवईपर्यंत पसरलेला, आणि डोळे उघडल्यावर मोरपंखी तर कुठेच नाही. आजीने तो फोटो बघून विचारलं होतं म्हणे, काय गं, पडलीस का कुठे? आजीचं निदान बरोबर होतं. जांभळट करडा रंग सुजल्यासारख्या दिसणाऱ्या पापणीवर आला की तो मार लागल्यासारखाच दिसतो.

आता इथे बहुतेक जण सांगतात की चांगला ब्रश घे, महागडं पॅलेट घे. पॅलेट तिचं स्वतःचं होतं आणि चांगलंच होतं, मी तेच वापरलं शेवटी. प्रॉब्लेम पावडरचा नव्हता, कुठला रंग कुठल्या रंगाला भेटला याचा होता. राणी आणि हिरवा हे कलर व्हीलवर, म्हणजे रंगांच्या चाकावर, जवळजवळ समोरासमोर बसतात, आणि समोरासमोरचे दोन रंग एकमेकांत मिसळले की दोघंही मरतात, उरतो तो राखाडी नाहीतर मातकट. तुम्ही जितकं जास्त ब्लेंड कराल तितकं ते जास्त मिसळणार, म्हणजे इथे "अजून थोडं ब्लेंड कर" हा सल्ला म्हणजे आगीत तेल.

यावर तिने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. म्हणाली, मग साडीत कसे काय चालतात? काठ आणि अंग एकमेकांना चिकटून आहेत, तरी किती उठून दिसतात. बरोबर आहे, साडीत ते उठून दिसतात कारण ते चिकटून आहेत पण मिसळलेले नाहीत. पैठणीच्या पदरात विणकर दोन रंगांचे धागे हद्दीवर एकमेकांत अडकवतो, पण राणी धागा राणीच राहतो आणि हिरवा हिरवाच. फ्रान्समध्ये गोबलँ नावाचा भिंतीवर लावायच्या विणलेल्या पडद्यांचा सरकारी कारखाना होता, तिथे 1824 पासून शेव्हरल नावाचे एक केमिस्ट रंगखात्याचे प्रमुख होते. तक्रार आली की आमचा काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारी निळा-जांभळा धागा आला की काळा कमजोर दिसायचा. मग त्यांनी त्यावर बराच अभ्यास करून 1839 मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना भडक करतात आणि कालवले तर एकमेकांना मारतात. पैठणीचा पदर आणि ते पडदे विणायची पद्धत तत्त्वाने एकाच जातीची आहे म्हणून मला ही गोष्ट नेहमी आठवते. पापणीवर मात्र धागे नसतात, पावडर असते, आणि पावडरीला हद्द कळत नाही.

मग दोन रस्ते. एक म्हणजे राणी आणि हिरवा यांच्यामध्ये सरळ कडक रेघ ठेवायची, ग्राफिक लुक, ब्लेंडच करायचं नाही. ते दिसतं भारी पण तिला पट्टे नको होते आणि खरं सांगू का, हुडेड डोळ्यावर कडक रेघ डोळा उघडला की मोडते. दुसरा रस्ता म्हणजे चाकाच्या मधून उडी न मारता कडेकडेने चालत जायचं. राणीच्या शेजारी जांभळा, जांभळ्याच्या शेजारी निळा, निळ्याच्या शेजारी मोरपंखी. प्रत्येक रंग फक्त आपल्या शेजाऱ्याला भेटतो. राणी आणि जांभळा मिसळले तर वांगी कलर येतो, चालतो. जांभळा आणि निळा, चालतो. निळा आणि मोरपंखी, मस्तच. राणीची हिरव्याशी गाठ पडतच नाही. आणि गंमत म्हणजे बघणाऱ्याला मधले दोन रंग वेगळे कळत पण नाहीत, त्याला वाटतं राणीतून मोरपंखी वितळत गेला. नवरीला जे "विरघळलेलं" पाहिजे होतं ते हेच.

गोल्डचं पण असंच. गोल्ड म्हणजे शेवटी पिवळाच, तो हिरव्याला भेटला तर पोपटी होतो, छान दिसतं, पण जांभळ्याला भेटला की परत तोच चिखल. म्हणून गोल्ड फक्त नाकाजवळच्या कोपऱ्यात, मोरपंखीच्या अलीकडे. आधीच्या ट्रायलमध्ये भुवईखाली पण गोल्ड शिमर लावला होता आणि तो खाली जांभळटात उतरला होता, फोटोत तो पट्टा पितळेच्या भांड्यावर डाग पडावा तसा दिसत होता.

आता बेसवर येते आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळे ब्रशवर बोलतात आणि बेसवर कोणी बोलत नाही. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ कातडी, त्यातून खालच्या शिरा आणि पिगमेंटेशन दिसतं, सावळ्या पापणीवर राणी कलर डायरेक्ट लावला तर तो विटेसारखा मातकट दिसतो. त्याला खाली फिकट बेस लागतो. म्हणून क्रीजच्या, म्हणजे पापणीच्या घडीच्या, वर जिथे राणी येणार तिथे कन्सीलरचा अगदी पातळ थर, स्किनपेक्षा एखादीच शेड उजळ, पांढरा बेस नाही, पांढऱ्यावर तो बेबी पिंक होतो आणि सावळ्या रंगावर राखेसारखा बसतो. मोरपंखीचं बरोबर उलटं. तिच्या पॅलेटमधला मोरपंखी हा ड्युओक्रोम होता, एका कोनातून निळा आणि दुसऱ्या कोनातून हिरवा दिसणारा. हा रंग साध्या रंगद्रव्याचा नसतो, अभ्रकाच्या पातळ कपच्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेला असतो आणि त्या थराच्या जाडीवर ठरतं की कुठला रंग परत फिरून डोळ्यात येणार. बाकीचा प्रकाश कपचीतून आरपार खाली जातो. खाली फिकट बेस असेल तर तो प्रकाश तिथून परत उसळतो आणि रंग फिका पडतो. खाली काळसर बेस असेल तर तो प्रकाश गिळला जातो आणि वरचा रंग झगमगतो. खऱ्या मोराच्या पिसातही साधारण हाच प्रकार, पिसातलं रंगद्रव्य काळपट तपकिरीच असतं, निळा-हिरवा दिसतो तो त्याच्या बारीक रचनेमुळे. तर एकाच पापणीवर वरच्या भागाला उजळ बेस आणि खालच्या भागाला गडद बेस, मी गडद नेव्ही पेन्सिल वापरली, काळी नाही. काळी पेन्सिल कडेने बाहेर आली की लगेच दिसते, नेव्ही बाहेर आली तरी ती निळ्याच्या पट्ट्यातच विरते.

आणि एक, सगळा बेस पावडरने सेट करायचा नाही. जिथे मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, शेड ब्लेंड करायच्या तिथे सेट करायचा, नाहीतर पावडर ओल्या जागी जाऊन चिकटून बसते आणि मग हलत नाही, त्याला आपण पॅची म्हणतो. जिथे शिमर दाबून बसवायचा तिथे बेस किंचित चिकटच ठेवायचा. तेलकट पापणीला त्याच्याही आधी टिश्यूने टिपून प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारं क्रीम, तांदळाच्या दाण्याएवढा, बोटाने थापून, आणि तो वाळेपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं.

हुडेड डोळ्याचं गणित ट्रायलला सोडवलं. सगळे व्हिडिओ सांगतात की डोळा बंद करा, खोबणीत बोट ठेवा, तिथे क्रीज कलर लावा. तिच्या डाव्या डोळ्याला ते चाललं असतं, उजव्याला नाही, उजव्या डोळ्याची खरी क्रीज कातडीच्या घडीत लपते. म्हणून तिला आरशात सरळ समोर बघायला सांगितलं, डोळे उघडे, भुवया ढिल्या, आणि घडी जिथे दिसते त्याच्या 3-4 मिलिमीटर वर जांभळ्याच्या छोट्या ब्रशने खूण केली. डाव्या डोळ्याला ही खूण थोडी खाली. बंद डोळ्यांना दोन्ही बाजू वेगवेगळ्या दिसतात, उघड्या डोळ्यांना सारख्या, आणि माणसं नवरीला उघड्या डोळ्यांनीच बघतात ना. भुवया ढिल्या हे मुद्दाम लिहिलं कारण आरसा समोर आला की निम्म्या मुली नकळत भुवया वर करतात, आणि सगळी मापं चुकतात.

क्रम असा लागला. आधी खुणेच्या जागी मॅट जांभळा, पेन्सिल ब्रशने, अरुंद. मग त्याच्या वरच्या कडेला मॅट राणी, फ्लफी ब्रशने, ब्रशचा दांडा अगदी शेवटाला धरून, म्हणजे हाताचं वजन त्यावर येतच नाही, आणि बारीक बारीक गोल. मोटारीच्या वायपरसारखं इकडून तिकडे फिरवणं मी बाहेरच्या कोपऱ्यात टाळते, त्याने सगळे रंग एका रांगेत ओढले जातात. मग निळा, बाहेरच्या कोपऱ्यापासून आत पापणीच्या एक तृतीयांशापर्यंत. मग मोरपंखी ब्रशने नाही, बोटाने, पापणीच्या मध्यावर दाबून, घासून नाही, कारण घासलं की त्या कपच्या उडतात आणि गालावर पडतात. गोल्ड सगळ्यात शेवटी. आणि ब्लेंड फक्त कडांवर. रंगाच्या मध्यभागाला एकदा बसवल्यावर हात लावायचा नाही, हे मी माझ्या हाताखालच्या मुलींना रोज ओरडून सांगते. प्रत्येक कडेला वेगळा ब्रश, किंवा तोच ब्रश कोरड्या स्पंजवर पुसून, पण राणीचा ब्रश कुठल्याही परिस्थितीत मोरपंखीकडे न्यायचा नाही, पुसलेला असला तरी नाही.

ट्रायलला एक डोळा मी केला आणि दुसरा तिला करायला लावला, माझ्या शेजारी बसून, त्याच पॅलेटने. ती म्हणाली यूट्यूबवर तर नुसता ब्रश फिरवतात आणि होतं. मी म्हटलं फिरव. तिने निळा गाळून थेट राणीवर मोरपंखी टेकवला आणि ब्रश फिरवला, तिथल्या तिथे आजीवाला रंग हजर. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. आईचा आक्षेप मात्र वेगळाच होता, "मॅडम, एवढं सगळं डोळ्यावर, नाटकातल्यासारखं नको हं दिसायला". आईंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून भुवईखाली काहीच नाही, लिपस्टिक मऊ गुलाबी, ब्लश कमी आणि खालच्या पापणीला फक्त नेव्हीची बारीक रेघ. एवढे रंग वर असताना खाली पण तेच केलं तर चेहऱ्यावर डोळे सोडून काही उरत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी यातलं काहीच नाही. सकाळी पिवळी अष्टपुत्री, नथ, चंद्रकोर, डोळ्यांना मॅट ब्राउन, थोडा कॉपर आणि लायनर. सकाळी दोन गोष्टी जपल्या. एक, शॅडो कानशिलाकडे लांब ओढला नाही, कारण मुंडावळ्यांच्या सरी बरोबर तिथेच लोंबतात आणि मान हलली की डोळ्याचा बाहेरचा कोपरा पुसत राहतात. दुसरं, लाजाहोमाचा धूर. धुराने पाणी येणारच, म्हणून मस्कारा वॉटरप्रूफ आणि डोळ्याच्या आतल्या कडेला काजळ नाही. काजळ घालू दे ना थोडं म्हणून मावशी मागे लागल्या होत्या, त्यांना सांगितलं संध्याकाळी घालते. तेलकट पापणीवर आतलं काजळ दोन तासात खाली येतं आणि मग संध्याकाळच्या निळ्याला खालून काळं करतं.

दुपारी बदलायला हाताशी जेमतेम दीड तास, त्यात केस पण. सकाळच्या ब्राउनवरच रंग चढवायचा मोह होतो, वेळ वाचतो. इथे नाही चालणार, कॉपर म्हणजे केशरी, निळा म्हणजे त्याच्या बरोबर समोरचा, पुन्हा चिखल. त्यामुळे डोळ्यांचा मेकअप पूर्ण काढला. मायसेलर वॉटरने, ऑइल क्लेन्सरने नाही, तेलाची फिल्म राहिली की प्राइमर पकडत नाही. वॉटरप्रूफ मस्काऱ्याला वेळ लागला, तिथे फक्त पापणीच्या केसांवर बायफेजिक, म्हणजे तेल-पाण्याच्या दोन थरांचा, रिमूव्हर इअरबडने. मग साध्या पाण्याच्या कापसाने पुसून कोरडं. फाउंडेशन डोळ्यांच्या नंतर, कारण गडद निळ्याचा चुरा डोळ्याखाली पडणार हे गृहीत धरायचं, तो सुक्या ब्रशने झटकायचा, बोटाने पुसायचा नाही. तरी ट्रायलच्या मानाने हात भरभर चालला, कारण जागा ठरलेल्या होत्या.

लाइटचं सांगायलाच हवं. तयार होण्याची खोली पांढऱ्या ट्यूबची होती आणि तिथे मोरपंखी एवढा चमकत होता की मावशी म्हणाल्या कमी कर. मी कमी केला नाही. लॉनवर स्टेजला पिवळे वॉर्म दिवे लागणार होते, साधारण 3000 केल्विनच्या आसपासचे (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), त्या प्रकाशात निळा भाग मुळात कमी असतो, त्यामुळे निळे-हिरवे रंग मंद होतात आणि लाल-सोनेरी वर येतात. खोलीत जे बॅलन्स्ड दिसतं ते स्टेजवर नुसतं राणी-राणी दिसलं असतं. खात्री म्हणून फोनचा पिवळा लाइट लावून तिला दाखवलं. फोटोग्राफरचा फ्लॅश दिवसाच्या उजेडासारखा असतो, साधारण 5500 केल्विन, त्यात मोरपंखी परत जागा होतो. म्हणजे पाहुण्यांना एक डोळा दिसणार आणि अल्बममध्ये दुसरा. ड्युओक्रोम घेतला की हे असंच.

निकाल. रात्री दहाला डावा डोळा जवळजवळ जसाच्या तसा. उजव्या घडीत बारीक रेघ पडली होती, निळा तिथे एका सुतासारखा गोळा झाला होता. हुडेड आणि तेलकट पापणीवर मला अजूनपर्यंत पाच तासांनंतर शून्य रेघ मिळालेली नाही. फक्त एवढं की घडीच्या खाली आणि वर दोन्हीकडे शेजारचेच रंग असल्यामुळे ती रेघ रेघच राहिली, तिचा डाग झाला नाही, बोटाने हलकं टिपलं की गेली. पाठवणीला ती भरपूर रडली आणि नाकाजवळचं गोल्ड दोन्हीकडचं गेलं, त्याचं काही वाटलं नाही. आजीने यावेळी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या साडीसारखेच डोळे केलेत की.

एक शेपूट राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरहून फोन, ताई सगळं धुतलं तरी पापणीच्या वर गुलाबी राहिलंय, पूजेला बसायचंय. हे त्या राणी शेडचं. डोळ्याजवळ वापरायला मान्य असलेल्या भडक गुलाबी-लाल रंगांची यादी फार छोटी आहे, अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, तर यातले कितीतरी रंग डोळ्यांसाठी मान्य केलेलेच नाहीत, म्हणून बऱ्याच पॅलेटच्या मागे त्या शेड्सना आयशॅडो न म्हणता प्रेस्ड पिगमेंट लिहितात. त्यातले काही कातडीवर डाग सोडतात. खाज किंवा जळजळ आहे का विचारलं, नाही म्हणाली. मग सांगितलं घासू नको, क्लेन्सिंग बाम लाव, मिनिटभर राहू दे, पुसून टाक, उरलेलं एकदोन दिवसात आपोआप जाईल, पूजेपुरता कन्सीलर थाप. आणि पुढच्या वेळी स्वतः लावशील तेव्हा त्या शेडखालचा बेस गाळू नकोस, तो असूनही एवढा डाग पडला.

पॅलेट तिच्याकडेच आहे. हळदीकुंकवाला फक्त जांभळा आणि निळा लावून गेली होती, फोटो पाठवला, कडा बऱ्या होत्या, उजवा डोळा मात्र अजून बंद करून मापते आहे असं दिसतंय.